गटारसाहेब

"गाडी माझी, साबण माझा, पाण्याचं बिल मी भरतो. तुमचं काय जातं हो, गटारसाहेब?"

"तळं," हे म्हणाले.

"काय?"

"तळं जातं. आधी नळी बंद करा, मग सांगतो."

समोरच्या लाँड्रीवाल्याने नळी बंद केली नाही. कपडे पोचवायची त्याची गाडी फेसाने पांढरी झाली होती आणि फेसाचा ओघळ रमतगमत कोपऱ्यावरच्या लोखंडी जाळीकडे निघाला होता. त्या जाळीपाशी हे उकिडवे बसले होते, सुट्टीच्या दिवशी, घरातल्या चपलांवर. दोन घरांच्या खिडक्यांतून लोक मजा बघत होते. तिसऱ्या खिडकीत मी होते. मी पडदा ओढून घेतला.

याला आता बेचाळीस वर्षं झाली. हे जाऊनही सहा झाली. पण तो पडदा मला अजून आठवतो. फिकट पिवळा होता आणि त्याची खालची शिवण उसवली होती.

पडदा ओढला तरी ऐकू येत होतंच. "घराच्या आतलं पाणी वेगळं आणि बाहेरचं वेगळं," हे समजावत होते. "मोरीत, बेसिनमध्ये ओतलंत तर ते मोठ्या नळाने शुद्धीकरण केंद्रावर जातं. तिथं गाळतात, साफ करतात. ही जाळी पावसासाठी आहे. हिच्या पुढे केंद्र नाही, गाळणी नाही, काही नाही. इथून आत गेलं की थेट तळ्यात."

"मग गाडी काय मोरीत नेऊन धुवू?"

"गवतावर धुवा. माती पाणी पिते, साबण अडवते."

बघणारे हसले. लाँड्रीवाल्याने कुरकुरत गाडी गवतावर घेतली. हे घरात आले, हात धुतले, आणि पाच मिनिटांनी बाहेर गाडी परत रस्त्यावर घेतल्याचा आवाज आला. यांनी तो ऐकला. पुन्हा बाहेर गेले.

हे नगरपालिकेत पाहणी अधिकारी होते. पद ऐकायला बरं वाटतं. काम म्हणजे गावभर हिंडून जाळ्यांमध्ये डोकावायचं, आणि कोण त्यांत काय ओततं ते पाहायचं. रंगाऱ्यांनी ब्रश कुठे धुतले, हॉटेलवाल्याने तेलकट पातेली कुठे घासली, छापखान्याने शाई कुठे सांडली. लोकांना हे तोंडी सांगत. नोटीस क्वचित. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यामुळे लोक ऐकत नसत, आणि वर नाव ठेवत. बाजारात माझी ओळख 'गटारसाहेबांची बायको' अशीच करून देत. तोंडावर नव्हे, पण मला ऐकू येईल इतक्या हळू.

घरातही नियम होतेच. फरशी पुसली की बादलीतलं पाणी मी दारातून रस्त्यावर भिरकावत असे. आई तसंच करायची, मीही तसंच शिकले होते. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी यांनी ती बादली माझ्या हातातून घेतली, काही न बोलता आत नेली आणि संडासात ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी रागानेच आत नेली. "लग्न माझ्याशी झालंय की त्या तळ्याशी?" असं मी एकदा विचारलं होतं. हे हसले आणि म्हणाले, "तळं उलट बोलत नाही."

तळं होतंही तसंच. नवी नवरी होऊन आले तेव्हा आम्ही संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. काठाला लव्हाळं होतं, पाण्यात खाली हलणारे मासे वरून दिसायचे. मुलं पोहायची, म्हातारे गळ टाकून दिवसभर काही न पकडता बसायचे. पुढे गाव वाढलं. दुकानं आली, गॅरेजं आली. पाण्यावर तेलाचे रंगीत पट्टे दिसू लागले. मुलांच्या अंगावर चट्टे उठले, मग ती यायची बंद झाली. एका उन्हाळ्यात सकाळी सगळे मासे पोटं वर करून काठाला लागले होते. तो वास आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

तेव्हापासून हे रोज सकाळी सातला तळ्यावर जात. गॅरेजच्या गल्लीतलं पावसाळी गटार जिथे तळ्यात उघडतं, तिथे सिमेंटच्या मोठ्या नळाचं तोंड होतं. त्या तोंडाशी बाटली भरायची, तारीख चिकटवायची, वहीत लिहायचं. बाटल्या माझ्या खिडकीत रांगेने उभ्या असत. एकदा पाहुणे येणार म्हणून मी एक रिकामी करून तिच्यात फुलं लावली, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तो पाच. त्याला मी भरवलं, शाळेत घातलं, गोवरात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले. लग्न ठरवायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी सांगायची की माझ्याबरोबर हाही येईल. यांनी एका शब्दात हो म्हटलं. धाकटा आमच्याच घरात मोठा झाला, गाड्यांचं काम शिकला आणि गॅरेजच्या गल्लीत त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. पत्र्याच्या दोन शेड, मध्ये मोठं अंगण, अंगणाच्या मधोमध जाळी. दुरुस्ती करायचा आणि गाड्यांना रंगही द्यायचा. पहिल्या दिवशी पाटी लावताना शिडी यांनीच धरली होती.

आमच्या घरात एक रीत होती. संध्याकाळी भाजी निवडताना मी यांना विचारायची, "उद्या कुठे?" जवळपास काम असलं तर हे दुपारी घरी जेवायला येत. लांब असलं तर डबा. आणि गॅरेजच्या गल्लीत जायचं असलं तर डबा धाकट्याकडे बसून खात. मग मी लगेच त्याला फोन करायची.

"उद्या दाजी येणार आहेत रे तुझ्याकडे. एखादी खुर्ची पुसून ठेव. मागच्या वेळी यांच्या पँटला ग्रीस लागलं, दोन धुण्यांत निघालं नाही."

"ताई, सांगितलंस ते फार बरं केलंस बघ," धाकटा म्हणायचा.

मला वाटायचं खुर्चीबद्दलच म्हणतो आहे.

दोन वर्षं मला काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी त्याच्यासाठी विणलेला स्वेटर घेऊन मी न सांगता गॅरेजवर गेले. गॅरेज बंद करायची वेळ होती. एक माणूस अंगणातलं काळं पाणी खराट्याने जाळीकडे ढकलत होता. दुसरा थिनरचे डबे एकेक करून जाळीवर उपडे करत होता. धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"अरे, हे काय करतोस?"

"काय झालं? गटारच आहे ना. शेवटी सगळं केंद्रावरच जातं, घरपट्टी कशाला भरतो मग?"

"ते आतलं पाणी," मी म्हणाले. इतक्या वेळा ऐकलं होतं की आपोआप तोंडातून निघालं. "बाहेरचं थेट तळ्यात जातं."

धाकटा मोठ्याने हसला. "झालं! दाजींनी तुलाही गटारसाहेब करून टाकलं." मग माझा चेहरा बघून जवळ आला. लहानपणी काही फोडलं की यायचा तसा. "सांगू नकोस हं त्यांना. तेल अडवायची एक टाकी बसवायचीच आहे मला. पुढच्या महिन्यात बसवतो. शप्पथ."

स्वेटर घालून बघ म्हणाले मी. त्याला तो बाह्यांत आखूड झाला होता.

टाकी पुढच्या महिन्यात बसली नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारायची, तो म्हणायचा, गवंडी मिळत नाही. आणि संध्याकाळी हे म्हणाले की उद्या गॅरेजची गल्ली, की मी फोन उचलायची. "खुर्ची पुसून ठेव." आता खुर्ची म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. त्या संध्याकाळी तिथे जाळीत काही ओतलं जात नसे. दुसऱ्या दिवशी हे जात तेव्हा अंगण झाडलेलं, जाळीभोवती कोरडा भुसा पसरलेला. हे त्या स्वच्छ अंगणात, पुसलेल्या खुर्चीवर बसून मी दिलेला डबा खात आणि घरी येऊन मला सांगत, "धाकट्याने मात्र गॅरेज छान ठेवलंय. बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावं."

मी म्हणायची, "भात आणखी वाढू?"

मग नगरपालिकेची सभा झाली. तळं मेलेलं आहे, रोगराईचं घर आहे, ते बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करावी, असा ठराव आला. यांच्या मुख्य साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, "तुम्ही तीन वर्षं बाटल्या भरताय. तेल कुठून येतं ते मला दाखवा. एक जागा, पुराव्यासकट. मी तो नळ बंद करून घेतो आणि ठराव थांबवतो. महिनाअखेरपर्यंत दाखवलं नाहीत, तर ट्रक येतील."

यांनी कंबरच कसली. पुरावा काढायची त्यांची एक पद्धत होती. एक पूड असायची, पाण्यात टाकली की गर्द हिरवा रंग. कुणाच्या जाळीत ती बादलीभर पाण्यात कालवून ओतायची आणि दुसऱ्या माणसाने तळ्याच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभं राहायचं. तिथे हिरवं पाणी आलं म्हणजे ती जाळी त्या नळाला जोडलेली आहे. तेव्हाच तिच्याभोवतीचं तेल दाखवून देता येतं. गल्लीत आठ दुकानं होती. सात तपासून झाली. काहींची जाळी दुसरीकडे जात होती, काहींकडे ओतण्यासारखं काही नव्हतं. आठवं धाकट्याचं. तिथे रंग टाकायची गरज यांना वाटलीच नव्हती. अंगण नेहमी स्वच्छ, आणि घरचा माणूस.

महिना संपायला तीन दिवस होते. सकाळी न्याहारी झाल्यावर यांनी बशी बाजूला सरकवली आणि वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

"हे बघ."

तारखा होत्या. प्रत्येकीपुढे एक शब्द. तेल, तेल, तेल, स्वच्छ, तेल, तेल, स्वच्छ.

"ज्या सकाळी पाणी स्वच्छ," हे म्हणाले, "त्याच दिवशी मी गॅरेजच्या गल्लीत गेलेलो आहे. प्रत्येक वेळी. पण बाटली मी सातला भरतो आणि गल्लीत अकराला पोचतो. म्हणजे मी येणार हे कुणाला तरी आदल्या संध्याकाळीच कळतं."

मी वहीकडे बघत राहिले.

"ऑफिसात मी कुणाला सांगत नाही कुठे जाणार ते," हे म्हणाले. "एकाच माणसाला सांगतो." बोलताना ते टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"तो मला मुलासारखा आहे हो," मी म्हणाले.

"मलाही आहे."

यांनी ते कण बशीत झटकले.

"उद्या दुपारी तीनला मी त्याच्या अंगणात रंग टाकणार. ऑफिसने उद्या मदतीला माणूस दिलेला नाही. तोंडाशी तू उभी राहा. हिरवं पाणी आलं की फक्त वेळ बघायची."

"मी?"

"माझं घड्याळ घे." आणि थोड्या वेळाने, "परवाना जाणार नाही त्याचा. मी बघतो ते. दंड होईल, टाकी बसवावी लागेल. तळं मात्र वाचेल. एक संध्याकाळ फोन करू नकोस. एवढंच."

"नाही करणार," मी म्हणाले. म्हणाले तेव्हा मनापासून म्हणाले.

त्या संध्याकाळी हे भाजी आणायला बाहेर पडले. भाजी आणायचं काम नेहमी माझं. फोन बाहेरच्या खोलीत, स्टुलावर असायचा. मी भांडी घासली. पुसली. कोरडी झालेली परत पुसली. आणि फोन लावला.

"काय ताई, खुर्ची पुसू?" धाकटा हसत म्हणाला. मागे हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"चेष्टा नको. यांना सगळं कळलंय. उद्या तीनला तुझ्याकडे रंग टाकणार आहेत. तू असं कर, सकाळी घरी ये. चहा घे. चुकलं म्हण, टाकी बसवतो म्हण. आपणहून सांगितलंस तर ते वेगळं दिसेल. ऐकतील ते."

हातोडी थांबली. त्याने कुणाला तरी थांबायला सांगितलं असावं.

"धंदा बसेल, ताई. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही रे बसत. ते आहेत ना."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "येतो सकाळी."

सकाळी मी तीन कप काढून ठेवले. साडेआठ झाले, नऊ झाले. हे म्हणाले, "कुणी येणार आहे का?" मी म्हणाले, "नाही," आणि एक कप परत फळीवर ठेवला.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी त्याला आपणहून कबूल करायला लावण्यासाठीच फोन केला होता. ते खरं असतं तर नऊ वाजता, तो आला नाही तेव्हा, मी यांना सांगितलं असतं. दुपारी तीनपर्यंत सहा तास होते. मी एक शब्द बोलले नाही.

पावणेतीनला मी तळ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. यांचं घड्याळ माझ्या मनगटावर सैल होत होतं, ते मी कोपराकडे सरकवून बसवलं. नळाचं तोंड माझ्या कमरेइतकं उंच होतं. तळाशी बोटभर पाण्याची धार होती, ती दगडांवरून तळ्यात उतरत होती. आधीचं तेल काठाला चिकटून होतं. एक बगळा पलीकडे उभा होता. तो काय खात असेल असं वाटून गेलं.

तीन वाजले. गॅरेजपासून तोंडापर्यंत पाण्याला वीस मिनिटं लागतात असं यांनी सांगितलं होतं. मी धारेकडे बघत होते. येणार नाही हे मला आतून ठाऊक होतं, आणि तरी मी अशी डोळे लावून बघत होते की कुणाला वाटावं हिचा जीव त्यात अडकलाय. खरंच अडकला होता. कुठल्या बाजूने अडकला होता, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एकदा धार जरा दाटल्यासारखी वाटली आणि मी खाली वाकले. माझीच सावली होती.

तीन वीस. तीन तीस. बगळा उडून गेला.

तीन पन्नासला हे काठाकाठाने चालत येताना दिसले. हातात रिकामी बादली होती, तिच्या आतल्या बाजूला हिरवा रंग वाळला होता. जवळ आले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. दोन्ही बुटांच्या टोकांना राखाडी चिखल लागला होता. चिखल नव्हता तो. ओलं सिमेंट होतं.

"आलं?" यांनी विचारलं.

"नाही."

"किती वाजले?"

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वेळ पाहिली, खिशातून वही काढली, लिहिली. मग धारेकडे थोडा वेळ बघत राहिले. मी त्यांच्या बुटांकडे बघते आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी बूट गवतावर पुसले, आधी एक, मग दुसरा, नीट, घरात शिरताना पुसतात तसे.

"चल," म्हणाले.

अहवाल यांनी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लिहिला. हे अंघोळीला गेले तेव्हा मी वाचला. 'अंगणातील जाळीखालील वाहिनी तुंबलेली आढळली. मालकाच्या म्हणण्यानुसार ती बऱ्याच महिन्यांपासून तशी आहे. रंग पुढे गेला नाही. निष्कर्ष काढता येत नाही.' ओल्या सिमेंटचा उल्लेख नव्हता. तो लिहिला असता तर पुढे लिहावं लागलं असतं की मालकाला आधी कळलं, आणि मग कुणाकडून कळलं ते. यांनी ते लिहिलं नाही. माझं नाव वाचवायला यांनी आयुष्यात एकच खोटा कागद लिहिला.

ट्रक अकरा दिवस येत होते. माती, पडक्या भिंतींचा राडारोडा, विटांचे तुकडे. पहिले काही दिवस हे सवयीने सातला बाटली घेऊन जायचे. पाचव्या दिवशी बाटली तशीच रिकामी घेऊन परत आले. त्या दिवशी त्यांनी खिडकीतल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, धुतल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

कामात कुचराई केली असा शेरा त्यांच्यावर पडला. त्यांना जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या टेबलावर बसवलं. घरात आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. धाकटा आला की हे त्याला बस म्हणत, चहा दे म्हणत. मी मात्र वाट बघत राहायची, की कधीतरी रागाने फुटतील. एकदा मीच म्हणाले, "बोला ना हो काहीतरी मला." हे म्हणाले, "काय बोलू?" आणि खरंच विचारत होते.

संध्याकाळी भाजी निवडताना मी सवयीने विचारलं होतं, "उद्या कुठे?"

"डबा भर," हे म्हणाले.

पुढची सोळा वर्षं तेवढंच उत्तर होतं. मग मी विचारायचं सोडलं. ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर होतं, दुपारी घरी येऊन जेवता आलं असतं. हे रोज डबा नेत.

तळ्याच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. पाऊस पडला की गल्लीतल्या पाण्याला जायला जागा उरली नव्हती, ते उलटं रस्त्यावर चढायचं. एकदा लाँड्रीवाल्याची गाडी चाकांपर्यंत तेलकट पाण्यात उभी होती. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमचं दार ठोठावायला आला. "अहो, काहीतरी करा ना! तुमचंच खातं ना हे?" हे दारात उभे राहून म्हणाले, "आता माझ्याकडे फक्त जन्म-मृत्यू आहेत." तो समजला ही थट्टा आहे. हसला.

धाकट्याचं मात्र बरं चाललं. इतक्या गाड्या रोज तिथे उभ्या राहू लागल्यावर गॅरेजला काय कमी? त्याने शेजारची शेड घेतली. त्याने टाकी बसवली की नाही, ते मी विचारलं नाही.

हे निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने सभागृहात छोटा निरोप समारंभ ठेवला. चाळीसएक माणसं होती. मंचावर चार खुर्च्या, एका खुर्चीत हे, मांडीवर भेटीची रंगीत कागदात बांधलेली पेटी. मी पहिल्या रांगेत. दोन सहकारी बोलले, वक्तशीर होते वगैरे. मग कुणीतरी म्हणालं, घरच्यांपैकीही कुणी बोलावं. धाकटा उठला. तोवर तो गावातला मोठा माणूस झाला होता, पोट सुटलं होतं, बोलायची सवय झाली होती.

"दाजींचं मी काय सांगू?" तो म्हणाला. "मी यांच्या घरात वाढलो. मी पाटी लावली तेव्हा शिडी यांनी धरली होती. अधिकारी पुष्कळ बघितले आम्ही धंद्यातल्या माणसांनी. कुणी दम देतं, कुणी अडवून धरतं. पण आमच्या अख्ख्या गल्लीला विचारा. दाजींनी तीस वर्षांत तिथे एकाही माणसाला नोटीस दिली नाही. एकाही माणसाला त्रास नाही दिला. असा अधिकारी पुन्हा व्हायचा नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

सभागृहात टाळ्या झाल्या. मोठ्या झाल्या, आधीच्या दोन्ही भाषणांपेक्षा मोठ्या. यांनी धाकट्याकडे पाहिलं नाही. समोर पाहिलं, पहिल्या रांगेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही टाळ्या वाजवते आहे.

मी हात मांडीवर घेतले.

यांनी भेटीची पेटी हळूच उचलली, खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि ते टाळ्या वाजवू लागले. सावकाश, मोजून, चांगलं भाषण झालं की सभ्य माणसं वाजवतात तशा. बाकीच्यांच्या थांबल्या. धाकटा जागेवर येऊन बसला. यांच्या अजून चालूच होत्या.